खणात अडकलेले वाघ

माझा भाऊ वर्षातून एकदा आमच्या कारखान्यात एकच काम करायचा, आणि त्या एका कामाने माझा जीव मेटाकुटीला आणला. काम काय, तर नव्या वर्षाला ताइचुंगहून यायचं, अंगात कोरा शर्ट, हातात कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट, ते कॉम्प्युटरपाशी ठेवायचं आणि हात जोडायचे. आमच्या बेटावर सगळेच ठेवतात. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, मोठ्या कारखान्यांत तर यंत्रागणिक एक असतं. आपण पोरांना जे सांगतो, तेच त्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: गुणी राहा. मग यंत्र गुणी राहतं. पाकीट हिरवंच हवं, पिवळं-लाल चालत नाही. तारीख उलटलेलं नको. ते फोडायचं नाही, आणि खायचं तर मुळीच नाही. एवढे नियम माझ्या भावाला तोंडपाठ. सुईत दोरा कसा ओवतात, ते मात्र पन्नाशी उलटली तरी त्याला ठाऊक नाही.

"पाकिटाचा मान थोरल्या मुलाचा," असं बाबा म्हणायचे. पूर्वजांना धूप लावायचा मान त्याचा, नैवेद्याचा त्याचा, पाकिटाचाही त्याचाच. बाकीचं सगळं वर्ष माझं.

आमचा कारखाना म्हणजे लुकांग गावातल्या मागच्या गल्लीतलं घर. खाली कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र, वर आम्ही. देवळांची कापडं भरायची: देवासमोरच्या मेजाचे पडदे, मिरवणुकीचे झेंडे, छत्र्या. पण लोक लांबून यायचे ते वाघासाठी. मेजाच्या पडद्यावरचा आमचा वाघ समोर बघत नाही, तिरका बघतो. देवापुढचं फळ कोणीतरी गुपचूप उचललंय आणि ते फक्त त्याला दिसलंय, असा. 'शिह मास्तरांचा वाघ' म्हणून त्याचं नाव झालं. शिह मास्तर म्हणजे माझे बाबा. वाघ काढले मी. बाबांची नजर अधू झाल्यापासून एकूण एक चित्र माझ्या हातचं, आधी कागदावर आणि नंतर कॉम्प्युटरवर, टाक्याटाक्यासकट. लोक कौतुक करायचे, बाबा मान डोलवायचे, आणि मी चहा आणायची.

गेल्या थंडीत बाबा गेले. घर आणि यंत्र दादाच्या नावावर झालं, कारण मुलींनी हक्क सोडल्याची सही द्यायची असते. मीही दिली. आत्या गालावरून हात फिरवत म्हणाली, गुणी गं माझी बाय. आणि परवा संध्याकाळी दादाचा फोन आला की यंत्र विकलं, फंगयुआनच्या को शेठला, उद्या मी ट्रक घेऊन येतोय.

"तुझं काय असेल ते काढून घे," तो म्हणाला.

"माझी चित्रं आहेत."

"मग घे की. कागद घेऊन मी काय करू?"

"कागदावर कुठे आहेत? कागद वाळवीने खाल्ले. सगळी कॉम्प्युटरच्या पोटात आहेत."

"मग पोटातून काढ. काढता आली तर तुझी. पण डब्याला ओरखडा नको हं, को शेठने सगळं अखंड मागितलंय."

अखंड म्हणे! तो कॉम्प्युटर बाबांच्या आजारपणातच बंद पडला होता, बटण दाबलं तर दिवासुद्धा लागत नव्हता. चित्रं बाहेर आणायची तर हार्ड डिस्कच उपसायला हवी होती. दुसरीकडे उतरवून का नाही ठेवली, असं मला विचारू नका. ह्वे-लानने विचारलं होतं, आणि तिला मी जे उत्तर दिलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

न्येन ह्वे-लान ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. मासळीबाजाराच्या तोंडाशी तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी मी तिला अक्षरशः ओढत आणलं. दादाने पंचांग पाहून यंत्र हलवायचा मुहूर्त काढला होता, अकरा ते एक. त्याच्या आत डिस्क हातात आली तर ठीक, नाहीतर माझ्या अख्ख्या आयुष्याचे वाघ ट्रकमध्ये बसून फंगयुआनला जाणार होते.

ह्वे-लानने फतकल मारून बसत डब्याची बाजूची पत्री उघडली. आत खालच्या अंगाला लोखंडी पिंजरा असतो, त्यात खण, आणि खणातल्या खाचांवरून सरकणाऱ्या तबकात डिस्क. दोन्ही बाजूंचे चाप दाबायचे आणि तबक ओढायचं, की आलं बाहेर. तिने दाबलं, ओढलं. तबक बोटभर सरकलं आणि थांबलं. पुन्हा ओढलं, तरी ढिम्म.

"गंजलंय?" मी विचारलं.

"खारा वारा आहे, गंजणारच. पण हे गंजाचं नाही. मागून काहीतरी धरून बसलंय." तिने बॅटरी लावून आत डोकं घातलं. "आ-चाय, इकडे बघ. हे हिरवं काय आहे गं?"

मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. डब्याच्या पुढच्या बाजूला वर सीडीचा भाग होता, तो आम्ही केव्हाच काढून टाकला होता. ते भोक उघडंच राहिलं. डब्याच्या डोक्यावर माझी दोऱ्यांची रिळं असायची, म्हणून माझ्या भावाने दरवर्षी पाकीट त्या भोकातून आत सारलं होतं! नवीन आत गेलं की जुनं आणखी आत. अशी सगळी पिंजऱ्याच्या मागे पडून चेपली, फुटली, कुरकुऱ्यांचा भुगा झाला, दमट हवेत तो साखर-तेलाचा चिकटा खाचांत उतरला आणि वाळून दगड झाला. त्यात मुंग्यासुद्धा मेलेल्या होत्या.

"चल, काढ," मी म्हणाले.

ह्वे-लानने हात मागे घेतला, चटका बसावा तसा. "मी नाही हात लावणार."

"का?"

"ठेवलेलं पाकीट आहे ते. एका ऑफिसात साफसफाईवालीच्या नातवाने असंच एक खाल्लं, दुसऱ्या दिवशी सगळे प्रिंटर बंद. मी स्वतः गेले होते दुरुस्तीला."

"अगं, तू कॉम्प्युटर दुरुस्त करतेस की भुतं उतरवतेस?"

"कॉम्प्युटर दुरुस्त करते म्हणूनच सांगते! तुला काय, तू वाघ काढतेस. मला रोज यांच्यात हात घालायचाय. ज्याने ठेवलं त्याने काढावं."

तेवढ्यात ज्याने ठेवलं तो दारात उभा. मागे ट्रक, आणि ट्रकमधून उतरून पान चघळणारा ड्रायव्हर.

"दादा," मी म्हणाले, "ही तुझी पाकिटं. काढ."

त्याने वाकून पाहिलं, आणि लाज वाटायची सोडून त्याचा चेहरा खुलला. "वा! सगळी जागच्या जागी आहेत की!"

"जुनी टाकून द्यायची नाहीत का रे?"

"टाकायची कशी? वर्षभर सेवा केलेली असते त्यांनी. आणि जितकं आत तितकं चांगलं. उगाच नाही हे यंत्र इतकी वर्षं चाललं."

इतकी वर्षं चाललं! सुया मी बदलल्या, तेल मी घातलं, उन्हाळ्यात घामाने चिंब होऊन कापडं मी ओढली, आणि यंत्र चाललं याच्या कुरकुऱ्यांवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काढतोस की नाही?"

"आज? हलवायच्या दिवशी? वेड लागलंय का तुला? वाटेत ट्रक उलटेल." मग त्याने आवाज मऊ केला. तो जमीन विकायचा धंदा करतो, आवाज मऊ करणं त्याला छान जमतं. "आ-चाय, राहू दे ना आता. चित्रं काय, पुन्हा काढशील. तुझ्या हातात आहेत ती. गुणी ना तू?"

बस्स! त्या शब्दाने मी पेटले. शाळा सोडून यंत्रावर बस, गुणी ना तू. लग्नाचं पुढच्या वर्षी बघू, गुणी ना तू. सही कर, गुणी ना तू. मी उठले, बाही वर सारली आणि त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला.

"आ-चाय!" दादा किंचाळला.

सगळ्यात वरचं पाकीट यंदाचं होतं, अजून फुगीर. मी ते बाहेर ओढलं, दातांनी फाडलं, आणि सगळ्यांसमोर मूठभर कुरकुरे तोंडात टाकले. नारळाची चव, चांगले खुसखुशीत. ह्वे-लानने डोळे घट्ट मिटले आणि यंत्राला हात जोडून पुटपुटली, "मी नाही पाहिलं हं, मी काहीच नाही पाहिलं."

"अगं बाई, खायचं नसतं ते!" दादाचा चेहरा पांढराफटक.

"तू यंत्र विकलंस ना? मग तुझ्या पाकिटाने इथे गुणी कोणी राहायचं? मी?" मी पाकीट ड्रायव्हरपुढे केलं. "घ्या हो." तो बिचारा पान चघळायचा थांबला आणि दोन पावलं मागे गेला.

दादाला आता एकच सुचत होतं. पाकिटाशिवाय यंत्र ट्रकवर चढवणं म्हणजे घात. को शेठला कळलं तर सौदा मोडेल, देवळांच्या धंद्यातला माणूस तो. "थांबा, कोणी काही हलवू नका, मी नवीन आणतो," म्हणत तो धावतच सुटला.

"हिरवंच आण!" मी मागून ओरडले.

तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर ह्वे-लानने एक डोळा उघडला. "कोपऱ्यावरच्या दुकानात पिवळीच उरलीत. सकाळी मीच पाहिली."

"सांगायचं नाहीस त्याला?"

"विचारलं कुठे त्याने?" तिने बाह्या सारल्या. "चल. फोडायचं ते तू फोडलंस, आता पाप लागायचं ते तुलाच लागलंय. मला काम करू दे."

चिमट्याने जुनी पाकिटं उपसली, चिंध्या होऊन आली. तरी तबक हलेना, खाचांतला चिकटा तसाच. हातोडी चालत नाही, एक दणका बसला तर डिस्क गेली. पाणी चालत नाही. पत्रा कापायचा नाही, कारण अखंड. ह्वे-लान स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून खरवडत होती, पण ते दोन बोटांपलीकडे पोचत नव्हतं. तिने हात टेकले. "फट केसाएवढी आहे गं. इतकं बारीक हत्यार माझ्याकडे नाही."

केसाएवढी फट म्हटल्यावर मी वर धावले. माझी वाकडी सुई आणि सोनेरी जर टाचायचा पक्का दोरा घेऊन आले, दुहेरी केला, मेण चोळलं. तबकाच्या मागून सुई घातली, पुढून पकडीने टोक ओढून घेतलं. आता दोरा तबक आणि खाच यांच्या बरोबर मध्ये. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढायला लागले. ह्वे-लानने केस वाळवायचं यंत्र मंद करून लांबून ऊब दिली, म्हणजे साखर सैल होईल.

पहिला दोरा तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याने पिवळा भुगा बाहेर यायला लागला. माझी बोटं कापली, रक्त दोऱ्याला लागलं, पण मी थांबले नाही. ड्रायव्हर आता दारातून आत येऊन उकिडवा बसला होता. "डावीकडे अजून धरलंय, ताई," तो म्हणाला, जणू काही त्याचीच डिस्क आहे.

"दिसतंय मला."

"नाही, आपलं सांगितलं."

डाव्या खाचेत पुन्हा दोरा घातला. ओढला, ओढला, आणि एकदम हात मोकळा झाला. ह्वे-लानने चाप दाबले. तबक कुरकुरत, अडत, बाहेर आलं. डब्याला एक ओरखडा नाही. मी डिस्क तबकातून सोडवून घेतली आणि पदराने पुसावी तशी अंगातल्या कपड्याने पुसली. हातात मावेल एवढी वस्तू, पण मला ती जड वाटली.

दादा परतला तेव्हा मुहूर्त संपत आला होता. घामाघूम, कोरा शर्ट अंगाला चिकटलेला, हातात हिरवं पाकीट. पार बसस्टँडपर्यंत जाऊन आला होता. आणि दम खातोय न खातोय तोच त्याचा फोन वाजला. को शेठ. आम्हाला दादाचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो शेठ... निघतोच... वाघ? हो हो, वाघ त्यातच आहेत... म्हणजे काय, त्यांच्यासाठीच तर..." त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. फोन ठेवून तो म्हणाला, "ते परत आत लाव."

"नाही."

"डबा विकलाय मी. डब्यात होतं ते त्याचं."

"काढता आली तर तुझी, असं तूच म्हणालास."

"मला काय माहीत तू खरंच काढशील!" तो ओरडला. "शेठ वाघांसाठीच यंत्र घेतोय! आणि ते वाघ तुझे कधी झाले? बाबांचे वाघ आहेत ते. अख्खं लुकांग सांगेल."

हे मात्र लागलं. खूप लागलं. बाहेरच्यांनी म्हणावं एक वेळ, पण हा त्याच घरात वाढला होता.

"दादा, एक सांग," मी म्हणाले. "आपला वाघ कुठे बघतो?"

"म्हणजे?"

"कुठे बघतो? साधा प्रश्न आहे."

तो गोंधळला. "समोर. वाघ आणखी कुठे बघणार?"

"तिरका बघतो, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या गावच्या देवळात आहे ना. लहानपणी मी घाबरायचो त्याला."

दादा लाल झाला आणि पुढे आला. मी डिस्क ब्लाउजच्या आत घातली आणि उंबऱ्यावर बसले. "ये, घे हिसकावून. गल्ली बघतेय. आत्यालाही बोलाव वाटलं तर. मी गुणी नाही, दादा. माझ्यात आता ते काही उरलेलं नाही."

"साहेब," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "एक वाजायला आला. आत्ता चढवलं नाही तर मुहूर्त गेला. पुढचा कधीचा आहे?"

दादाने ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुढचा मुहूर्त महिनाभर नव्हता, हे मला माहीत होतं. त्याने दात खाल्ले आणि ट्रकमागच्या हमालांना हाक मारली. यंत्र गेलं, डबाही गेला, डब्याच्या डोक्यावर चिकटपट्टीने लावलेलं हिरवं पाकीट.

खोली रिकामी झाली. जिथे यंत्र होतं तिथे जमिनीवर तेलाचे डाग तेवढे राहिले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? त्या यंत्रावर मी म्हातारी व्हायला लागले होते. ह्वे-लानने मला रडू दिलं, आणि आपल्या लॅपटॉपला ती डिस्क जोडून बसली. थोड्या वेळाने नुसतं म्हणाली, "आ-चाय, बघ." एकामागून एक उघडत होते. सगळे होते. एकही गेला नव्हता.

आम्ही ऑयस्टरचं ऑम्लेट मागवून खात बसलो होतो तेव्हा दादाचा फोन आला. माझे हात तेलकट, म्हणून ह्वे-लानने स्पीकर लावला.

"आ-चाय," दादा दबक्या आवाजात म्हणाला, "शेठ इथेच उभे आहेत. वाघ कुठे आहेत विचारतायत. यंत्र परत न्या म्हणतायत."

"काय सांगितलंस त्यांना?"

"बाबांचे आहेत, म्हणालो."

"मग बाबांकडे माग."

"अगं, असं काय करतेस? तू फक्त पाठव ना. मी बघतो पुढचं."

"त्यांना सांग, वाघ कोणी काढले ते."

मग तो म्हणाला, "आमच्या घरातच काढलेत, असं सांगू?"

"नाव सांग, दादा."

त्याने फोनवर हात ठेवला असावा. पलीकडे काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. ह्वे-लानचा घास हातातच राहिला होता.

"मला ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "त्यांना तरी कुठून आलं असेल? मोठ्याने सांग."

मग माझा भाऊ बोलला. बोलला काय, ओरडलाच.

"शिह यू-चाय! माझी धाकटी बहीण आहे, शिह यू-चाय. तिने काढलेत सगळे. बाबांनी नाही, तिने."

आणि त्याच्या मागून एक जाडा, वैतागलेला आवाज आला. "मग इतका वेळ मी तुमच्याशी काय बोलत बसलोय? आणा तो फोन इकडे."